बोल्टचे आटे

बारा वर्षं मी मुलांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकवला आणि त्या बारा वर्षांत एकदाही तो उघडून पाहिला नाही. आमच्या प्रशिक्षण संस्थेत तशी गाडीच नव्हती. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढायची, तेलाचा रस्ता लाल खडूनं दाखवायचा आणि धडा संपवायचा.

उमेळ्याला माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या टीचर राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा डावा पाय अधू होता, म्हणून भावानं त्यांना क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली होती. रविवारी चर्चला आणि बाजारात त्या स्वतः चालवत जात. गाडीचं सगळं काम आगाशीतला एक मेकॅनिक बघायचा. तो माझाच जुना विद्यार्थी. मोठ्या गॅरेजात राहून तो हे गिअरबॉक्स शिकून आला होता आणि मग आगाशीत रस्त्याकडेला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मुलीला शिकवणीहून आणायला गेलो होतो तेव्हा टीचर अंगणात उभ्या होत्या. गाडीखाली फरशीवर लाल तेलाचे थेंब पडले होते. मेकॅनिक बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर बाहेर होता आणि टीचरांना दोन दिवसांनी डॉक्टरकडे जायचं होतं. तो येईपर्यंत थांबा, रिक्षानं जा, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण मुलगी शेजारी उभी होती. मी म्हणालो, गिअरबॉक्सच्या चेंबरचं तेल आहे, बोल्ट सैल झाले असतील, उद्या येऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी संस्थेतला जॅक, स्टँड आणि पाने घेऊन मी गेलो. गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या बुडाशी बोल्टांनी आवळलेली पत्र्याची उथळ परात. तिच्या मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरत होतं. मी सगळे बोल्ट थोडे थोडे आवळले. पुसलं, थांबलो. पुन्हा थेंब जमला. टीचर ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मधून मधून विचारत होत्या, जमतंय ना सर. मी लांब दांडीचा पाना घेतला आणि कोपऱ्यातल्या बोल्टवर जोर दिला. एकदम हाताला हलकं लागलं. बोल्ट नुसता फिरायला लागला. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियममधल्या भोकातले आटे गेले होते. आता तेल थेंबानं नाही, धारेनं येत होतं.

मी तसाच पडून राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा वाक्य तयार होतं.

"आधीच कुणीतरी फार जोर लावून आवळलेत, टीचर. आटे गेलेत."

"पण तो तर इतकं जपून काम करतो," त्या म्हणाल्या.

"वर्गातही त्याचा हात जडच होता."

हे दुसरं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती. आणि ते खोटं होतं. त्या तुकडीत सगळ्यात हलका हात त्याचाच होता. टीचरांनी माझे हात धुवायला पाणी दिलं, चहा आणि वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली. मी खाल्ली.

तो परतल्यावर टीचरांनी त्याला बोलावलं आणि मलाही. तुम्ही समोर असलात तर मला नीट बोलता येईल, असं त्या म्हणाल्या. तो गाडीखाली गेला आणि तो बोल्ट घेऊन बाहेर आला. बोल्टच्या खाचांत ॲल्युमिनियमचा कीस अडकला होता, ताजा, चकचकीत. त्यानं तो अंगठ्यानं चोळला आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. टीचर म्हणाल्या, तुझ्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवला होता. मी मोगऱ्याच्या कुंडीकडे बघत होतो.

"झालं असेल माझ्याकडून, टीचर," तो म्हणाला. "करून देतो."

दोन दिवस तो तिथे येऊन काम करत होता. चेंबर उतरवून त्यानं वाकलेली कड लाकडावर ठेवून ठोकून सरळ केली, गेलेल्या भोकात स्टीलचे आटे बसवले, चेंबर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारं पॅकिंग नवं घातलं. गळती थांबली. दुसऱ्या संध्याकाळी मी तिथे होतो. त्यानं मला स्कूटरवरून वसई रोडला सोडलं. वाटेत मुलीचा अभ्यास कसा चाललाय विचारलं. मी उतरलो तेव्हा स्कूटर बंद न करताच तो म्हणाला, "सर, पॅकिंग कडक झालं की बोल्ट कितीही आवळा, गळती थांबत नाही." आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो आणि स्टेशनकडे चालू लागलो.

पुढे मुलीकडून कळलं की टीचरांनी गाडी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली आहे आणि चर्चमधल्या दोघा-तिघांनाही त्याच्याकडे जाऊ नका म्हणून सांगितलं आहे. तरीही खरं सांगायला मला तीन आठवडे लागले. रोज मनवेलपाड्याच्या घरातून निघताना ठरवायचो आणि संध्याकाळी तसाच परतायचो. शेवटी एका रविवारी त्या चर्चहून आल्यावर मी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हणजे मी त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही इथेच उभे होतात," त्या म्हणाल्या.

एवढंच. त्याच दुपारी त्या स्वतः गाडी घेऊन आगाशीला गेल्या. मुलीची शिकवणी त्यांनी चालू ठेवली, तिच्याशी वागण्यात काहीही फरक केला नाही. मला मात्र फाटकाच्या आत या असं पुन्हा म्हणाल्या नाहीत.

मी त्याच्याकडेही गेलो. तो टेम्पोचं चाक बसवत होता. टीचरांना मी सांगितलं, असं म्हणालो. माफ कर हे शब्द मला आले नाहीत.

"हो, येऊन गेल्या त्या," तो म्हणाला. "बसा सर, चहा सांगतो."

मी काम आहे असं सांगून निघालो. त्यानंतरही तो कुठे भेटला तर आपणहून थांबून बोलायचा. आगाशीला जायची वेळ आली की मीच बसमधून एक थांबा आधी उतरायचो आणि बाजाराच्या मागच्या गल्लीनं जायचो.