लेंड्यांची वही

जयपूरला माझं काम उंदरांच्या लेंड्या तपासण्याचं होतं. गावी कुणी विचारलं तर मी 'संशोधनात आहे' एवढंच सांगायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, अकोला जिल्ह्यातल्या एका साध्या शाळेतून शिकलेली. बाबा रेल्वेत फिटर होते. त्यांची बदली झाली आणि आम्ही शास्त्री नगरच्या बाजूला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. २००८च्या सुमारास सांगानेरकडच्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं. माझं इंग्रजी अडखळतं होतं, तरी तिथल्या सरांनी मला घेतलं. त्यांची मी आजही ऋणी आहे.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक रिसेप्टर असतो, टोल-लाइक रिसेप्टर पाच. काही जिवाणूंना पोहण्यासाठी शेपूट असते. त्या शेपटीचं प्रथिन हा रिसेप्टर ओळखतो आणि जिवाणू भिंतीच्या फार जवळ आले की शरीराला सावध करतो. आमच्या निम्म्या उंदरांमध्ये तो जन्मापासूनच नव्हता. त्यातल्या बऱ्याच जणांचं आतडं सुजायचं. रोज सकाळी मी प्रत्येकाचं वजन करायचे, मग लेंडी बघायचे. घट्ट असेल तर शून्य, अगदी पातळ असेल तर चार. थोडी लेंडी कार्डावर पसरून वर रसायनाचा थेंब टाकला की रक्त असल्यास डाग निळा व्हायचा. सगळं वहीत लिहायचं. माझी वही स्वच्छ असते म्हणून सर ती इतरांना दाखवत.

एकदा भाकऱ्या थापता थापता आईनं विचारलं, "दिवसभर करतं काय तू तिथी?"

मी हरखून सगळं सांगितलं. पोटात पहारेकरी असतो, तो नसला की पोट पेटतं.

"मतलब, जन्माचंच?"

"हो, जन्मापासूनच."

"मंग त्याच्या पिलायलेबी?"

"पिल्लांनाही. आई, तू शिकली असतीस तर माझ्या पुढे गेली असतीस!"

ती हसली नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली आणि विषय बदलला. इतका नेमका प्रश्न तिला सुचला याचंच मला कौतुक वाटत राहिलं. शेजारच्या भाभीजींनाही मी ते सांगितलं.

त्यानंतर आई वाळत गेली. आधी तिनं मिरची सोडली, मग डाळ, मग भाकरी. ताक-भातावर आली. भाभीजी तिला बेलाचा मुरब्बा आणून देत. संडास अंगणात होता. आई सगळ्यांच्या आधी उठून जायची आणि बादल्यांमागून बादल्या पाणी ओतायची. बाबा म्हणायचे, "तुह्या आईचं सोवळं वाढत चाललं." मी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "काई नाई व, उन्हाळा बाधला." डिसेंबरातही ती हेच म्हणाली आणि मी ते ऐकून बसला निघून गेले. उशीर झाला की उंदरांची वजनं चुकत.

दोन वर्षांनी एका सकाळी ती अंगणात पडली. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

दवाखान्यात कळलं की तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला जुनाट सूज आणि जखमा आहेत, मोठं आतडं फुगलंय आणि कधीही फुटेल. ते काढावं लागलं. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "खून कब से आ रहा है?"

भाभीजी रडत म्हणाल्या, "दो साल से, डॉक्टर साहब. मुझे कसम दे रखी थी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "और आप क्या करती हैं?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "चूहों का तो रोज़ देखती थीं."

वॉर्डमध्ये आई बोलायला लागली तेव्हा मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"तूच त म्हणे ना, जन्माचं असते, पिलायले जाते. अन् नागपूरवाले तुले पाहून गेलते. माय असी, म्हणजे पोरगीबी असीच. लोकं नाई म्हणत का?"

ती पडली त्याच वर्षी आम्ही काही उंदीर दुसऱ्या खोलीत हलवले होते. त्यांच्यातही तो रिसेप्टर नव्हता, पण तिथली पिल्लं ठणठणीत राहिली. सर म्हणाले होते, "अकेले रिसेप्टर से कुछ नहीं होता. पेट में कौन-से जीवाणु बसे हैं, वो भी देखो." आईचा रिसेप्टर तर कुणी कधी तपासलाच नव्हता. मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती, आणि ती शिकलेल्या माणसाच्या खात्रीनं सांगितली होती.

"तुयं पाह्यलं का त्या कार्डावर?" तिनं विचारलं.

मी पाहिलं होतं, आदल्याच दिवशी. "पाहिलं. निळं नाही झालं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि लग्नाचं पक्कं करायला बाबांना नागपूरला फोन लावायला सांगितलं.

आई घरी आल्यावर बाबांनी फोन लावला. त्यांना लपवाछपवी जमत नाही. त्यांनी आतडं काढल्याचं सांगितलं, पिशवीचंही सांगितलं. तिकडून विचारलं, "मुलीलाही आहे का?" मी फोन हातात घेतला आणि या वेळी पूर्ण सांगितलं. रिसेप्टर, जिवाणू, बदललेली खोली, ठणठणीत पिल्लं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बरं, कळवतो."

त्यांनी कळवलं नाही. महिनाभरानं मी आईची पिशवी बदलत होते. मुलगा चांगला होता म्हणून मला वाईट वाटत होतं, पण ते मी बोलले नव्हते. आई छताकडे बघत म्हणाली, "अजून सा महिने कळू द्याले नव्हतं पाह्यजे. लगन होऊन गेलं असतं."

मी तिच्या पोटावरच्या भोकाभोवतीची कातडी कोमट पाण्यानं पुसली आणि नवी पिशवी लावली.