आत्याची चमकी उजव्या बाजूला

आज आम्ही आत्याच्या ज्या चित्राला हार घातला, त्यात तिची चमकी चुकीच्या नाकपुडीत आहे.

चूक माझी. पदवीला असताना केलेली.

आत्याला जाऊन आज वर्ष झालं. देऊळघाटला घरीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी मी आणि दादा, म्हणजे तिचा मुलगा, कडाकडा भांडलो. भिंतीवर कोणती आत्या लावायची यावरून.

दादाने मोबाइलमधला फोटो मोठा करून आणला होता. स्टुडिओवाल्याने तिच्या मागे धबधबा टाकला होता. आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवलेली बाई, तिचा आणि धबधब्याचा काय संबंध?

पण त्या फोटोत चमकी डावीकडे होती. जिथे होती तिथेच.

तर गोष्ट अशी.

विद्यापीठात कला शिकताना सरांनी तिसऱ्या वर्षी सांगितलं, एकच विषय घ्या आणि वर्षभर वेगवेगळ्या माध्यमांत करा. बाकीच्यांनी ‘अस्तित्व’, ‘स्थलांतर’, ‘अवकाश’ असले भारी विषय घेतले. मी आत्या घेतली.

खरं सांगू? सुट्टीत फुकट बसायला तीच तयार होती.

बसायला म्हणजे काय, तिला नुसतं बसवत नसे. समोर तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि मलाच न्याहाळायची.

“भांग वाकडा हाय तुहा.”

“आत्या, हलू नको.”

“मी कुठी हालून राह्यली? हात हालून राह्यले. तू तोंड काढ ना!”

कोळशाने काढलेलं पहिलं चित्र तिने लांब धरून पाहिलं. “हे कोन व्हय?”

“तू.”

“मंग मी काऊन रडून राह्यली?”

मग मातीचं डोकं केलं. वाळताना कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकलं. मी हॉस्टेलवरून रडत फोन केला.

“भुसा घातला व्हता का मातीत?”

“आत्या, ते शिल्प आहे. चूल नाही.”

“मातीले काय मालूम?”

दुसऱ्या वेळी गुपचूप भुसा घातला. डोकं शाबूत राहिलं. सरांनी वर्गासमोर विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हटलं, मॉडेलकडून. आयुष्यात इतकी ऐट मी पुन्हा कधी केली नाही.

फोटो काढायला गेले तर ती आधार कार्डाला बसल्यासारखी ताठ. प्रिंट दाखवली, तर म्हणाली, “चांगली बाई हाय. पर मी नोहे.”

शेवटचं माध्यम लिनो, म्हणजे रबरासारख्या मऊ शीटवर कोरून शाईने छापायचं. लिनोच्या तुकड्यावर जे कोरतो, ते कागदावर उलटं उमटतं. म्हणून चित्र आधीच उलटं करून कोरायचं असतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं.

सबमिशनच्या घाईत मी विसरले.

भिंतीवर सगळं काम एका ओळीत लागलं. कोळशात चमकी डावीकडे, मातीत डावीकडे, फोटोत डावीकडे. लिनोत उजवीकडे. सर तिथेच थांबले. पेनाने फक्त त्या चमकीवर टकटक केलं. मार्क गेलेच, पण वर्गासमोर मान खाली गेली ते जास्त लागलं.

छापे घरी आणले ते कपाटात खाली अंथरायला.

ते आत्याच्या हाती पडले. एक छापा घेऊन ती दारात उजेडाला गेली. मला वाटलं, आता शिव्या.

“आता कशी बराबर आली!”

“आत्या, उलटी झाली ती. चुकलंय माझं.”

“काय चुकलं? रोज सकाळी वेणी घालताना मी हेच तोंड पाह्यतो. तुमच्या फोटोतली बाई मले कधी ओळखूच आली नाही, माय. हे मी व्हय.”

तीन वर्षं मी पाहायलाच शिकत होते, पण हे मला दिसलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी पाहिलेला चेहरा तिने स्वतः कधी पाहिलाच नव्हता. तिला माहीत होती ती आरशातली.

तिने तो छापा पेटीत साडीच्या घडीत ठेवला. वर ताकीद दिली, “मी गेली का हाच लावजो.”

ते ‘लावजो’ घेऊन मी आज दादासमोर उभी होते.

“उलटी आई लावू का भितीवर?” दादा म्हणाला. “लोकं हासतीन.”

मी आरशाचं सांगितलं. त्याला पटेना. रागारागाने छापा उचलून तो तिच्या आरशाकडे गेला. दाराजवळ खिळ्याला अडकवलेला, हातभर आरसा. छापा समोर धरला.

आरशात आत्या होती. आमची. डाव्या नाकपुडीत चमकी.

दादा हळूच म्हणाला, “हाव बे. आईच हाय.”

त्याने स्वतः खिळा ठोकला, आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. धबधबा आतल्या खोलीत गेला.

पाहुण्यांपैकी दोघांनी विचारलंच, चमकी अशी कशी? दादाने त्यांना हाताला धरून आरशासमोर उभं केलं. जेवणं होईपर्यंत तिथे रांग लागली होती. लोक हसत होते, पण दादाला भीती होती तसे नाही.

आज मी इथेच मुक्कामाला आहे. उद्या सकाळी वेणी त्याच आरशात घालणार.

आत्या, मागून पाहत राहा. भांग वाकडा असला तर सांग.

खूप आठवण येते गं. जयभीम.