भुऱ्याची खांदेमळणी

धायरीत जिथे मुक्ताबाईंचं शेत होतं, तिथे आता सात मजली इमारत उभी आहे आणि त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर मुक्ताबाई राहतात. शेत गेलं, बैल गेले, मागोमाग त्यांचे यजमान हिंदुरावही गेले. मळ्यातून वर आला तो एकटा भुऱ्या कुत्रा.

मळ्यात तो बांधाबांधाने राखण करत हिंडायचा. मुरमात त्याची नखं आपोआप झिजायची. ती कापावी लागतात, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता गुळगुळीत फरशीवर त्याच्या नखांची टकटक घरभर ऐकू यायची. नखं वाढून वाकली, पंजा सरळ टेकेना, आणि म्हातारा भुऱ्या उठता उठता घसरू लागला.

एका सकाळी मुक्ताबाईंनी त्याला दाबून धरलं आणि एक काळंभोर नख पार मुळापाशी कापलं. आतली शीर तुटली. कणीक दाबून धरल्यावर रक्त थांबलं, पण भुऱ्या जो सोफ्याखाली शिरला, तो मुक्ताबाई दिसल्या की बाहेर येईना. त्यांनी ठेवलेली भाकरीही त्या उठून गेल्यावरच खायचा.

"आई, नुसतं टोक कापायचं असतं," सून निशा म्हणाली. "काळ्या नखात शीर दिसत नाही."

"मग तवाच सांगायचं की."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मुलगा रविराज म्हणाला, "शनिवारी दवाखान्यात नेतो. तोंड बांधून कापतात, पाच मिनिटांचं काम."

मळणीत मुक्ताबाईंनी बैलांनाही मुसकी बांधली होती, तोंड बांधण्याचं काही नव्हतं. पण परक्या हाताने नखं कापून आणली, तरी भुऱ्या पुन्हा आपल्या हातची भाकरी खाईल का?

भादव्यातला पोळा उद्यावर आला. निशाने बाजारातून मातीची बैलजोडी आणली होती. ती पाहताना मुक्ताबाईंना पोळ्याच्या आदल्या दिवशीची, खांदेमळणीची संध्याकाळ आठवली. हिंदुराव ओढ्यावरून हरण्या-पाखऱ्याला धुऊन आणायचे. जुवाने घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांवर हळद-लोणी चोळायचे. बैल माना खाली घालून डोळे मिटायचे. त्या दिवशी औत नाही, आसूड नाही, बैलाकडून काही म्हणजे काही मागायचं नाही. चोळून झालं की हिंदुराव त्यांच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या."

मुक्ताबाईंनी वाटीत लोणी घेतलं, चिमूटभर हळद कालवली आणि त्या सोफ्यापाशी जमिनीवर बसल्या. नखं कापायची कात्री त्यांनी मुद्दाम कपाटात ठेवून दिली.

"अहो आई, सोफ्याला हळद लागेल."

"सोफा कुठं घसरतोय."

बराच वेळ काही झालं नाही. मग लोण्याच्या वासाने आधी नाक बाहेर आलं, मग एक पंजा. मुक्ताबाईंनी तो ओढला नाही. तळव्याला, बोटांच्या बेचक्यांत हलकं हलकं चोळत राहिल्या. भुऱ्याने लोणी चाटलं, हात चाटला, आणि हळूहळू त्याची मान खाली गेली.

"आज आवतान घे," त्या पुटपुटल्या, "उद्या जेवाया ये."

दुसऱ्या दिवशी बैलजोडीची पूजा झाली. मुक्ताबाई पुन्हा त्याच जागी बसल्या. पंजा चोळला आणि एका नखाचं टोक कापलं, मग आणखी जरासं. निशाने मोबाईलचा उजेड धरला होता.

"बस, आई. कापल्या जागी मधोमध ठिपका दिसतोय. पुढे शीर आहे."

मुक्ताबाई तिथेच थांबल्या. भुऱ्याने पाय काढून घेतला नव्हता.

"एवढंच?" दारातून रविराज म्हणाला. "या हिशेबाने दिवाळी उजाडेल."

"उजाडू दे. आपल्याला कुठं नांगरायला जायचंय?"

त्यांनी साध्या पोळीचा तुकडा मोडून हातावर धरला, आणि या वेळी त्या उठल्या नाहीत. भुऱ्या सोफ्याखालून पुरता बाहेर आला, फरशीवर जरा घसरला, सावरला आणि त्यांच्या हातातूनच खाऊ लागला.