मालाची वाट

तोंडापर्यंत आलं आणि गिळलं, असं कितीदा झालं असेल? बायकोपाशीसुद्धा बोललो नाही. आज तुम्हाला सांगतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भंडाऱ्याकडच्या एका लहान स्टेशनावर मी तिकीटबाबू होतो. नागपूरची गाडी पलीकडच्या फलाटावर लागायची, आणि तिकडे जायला पायऱ्यांचा पूल. फलाटाच्या टोकाला मात्र उतार होता — रुळांमध्ये फळ्या टाकलेली, हातगाडीनं पोती न्यायची सपाट वाट. तिच्या फाटकाची किल्ली माझ्याकडेच असायची. एखादी म्हातारी आली की मी बिनदिक्कत उघडून द्यायचो. नियम कोण बघत होतं?

माझ्या ताईचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. नागपूरच्या दवाखान्यात तिला लोखंडी पट्ट्या बसवणार होते — उभी राहील, म्हणाले होते. फार वाट पाहून नंबर लागला होता. नागपूरला मावशी उतरवून घेणार होती. शेजाऱ्यानं बैलगाडीतून स्टेशनाशी सोडलं, आणि ताई हातांवर सरकत माझ्या खिडकीशी आली.

तिथे नेमके माझ्या होणाऱ्या बायकोचे मामा उभे होते. सोयरीक जुळवताना — कसं सांगू — पाहुणे येणार म्हणून ताईला आम्ही दिघोरीला आत्याकडे धाडलं होतं. घरात असं कुणी दिसलं की लोक खोट काढतात. ती युक्ती माझीच.

"फाटक खोलून देतं का रे?" ताई म्हणाली.

मामांनी वळून पाहिलं. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, म्हणालो, "ओ बाई, ते वाट मालाची हाय. पुलावरून जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मामांकडे.

"बरं बाबू. धानाचे पोते जातेत तिथून, म्हणून इचारलं."

पुलाच्या पायऱ्या ती बसत बसत, हातांच्या जोरावर चढली. मी काय केलं? मामांसाठी चहा मागवला. ती वर पोचली असेल-नसेल, गाडी सुटली. बाजारातून परतताना शेजाऱ्यानंच तिला घरी नेलं.

लग्नानंतर बायकोला ताई कळली. गाडी कशी चुकली ते नाही. ताईनं पुन्हा नंबर लावला नाही. आणि गाडी चुकल्याबद्दल मरेपर्यंत कुणापाशी माझं नाव घेतलं नाही.

गाडी चुकली त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा बाबा तिच्यावर ओरडत होते. ती खाली मान घालून म्हणत होती, "मीच उशिरा निघाली." लाज वाटते लिहायला — मी हात धुतले, पाटावर बसलो आणि तिला म्हणालो, "टाइमावर निघावं लागते ना, ताई."