जांभळ्या ठिपक्यांचं कणीस

आखाडा बाळापूरच्या बाजारात मका विकणाऱ्या तांड्यावरच्या मावशी प्रत्येक कणसाचा शेंडा सोलून बघतात. तेवढ्यात गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे सरकतं, त्यांना फिकीर नसते. जांभळ्या ठिपक्यांचं कणीस निघालं की बाजूला. "हे इकायचं न्हाई सर, बियाला ठेवायचं."

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. एकदा न राहवून सांगितलं, दाण्यातली काही जनुकं जागा सोडून उड्या मारतात, म्हणून ठिपके पडतात. एरवी झाडच त्यांना रासायनिक खुणा लावून झोपवतं.

"झोपवतं ना? मारत न्हाई?"

"नाही."

"मंग बियाला ठेवते ते बराबर हाय."

यंदा त्यांनी ते ठिपक्यांचे दाणे बांधाच्या कडेला वेगळे पेरले. काल त्यातलं एक कणीस माझ्या हातात ठेवलं. सगळे दाणे पिवळे, एकच ठिपक्यांचा.

"बाकीचे निजले," त्या म्हणाल्या. "एक दाणा जागा हाय, राखणीला."