मीठ कोणी टाकलं?

बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत मारुतीचं एक लहानसं देऊळ आहे. तिथल्या हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक नऊ वर्षं माझ्याकडे होता. मला कोणी नेमलं नव्हतं. माझा आवाज मोठा, म्हणून मी पुढारी झाले, एवढंच. हाताखाली दहा बायका, जेवायला तीनशे माणसं, आणि नैवेद्य अगदी वेळेवर. मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

माझी एक खोड आहे. ‘मला माहीत नाही’ हे माझ्या तोंडून निघत नाही. कोणी पत्ता विचारला तर मी ठासून हात दाखवते, मग बिचारा भलत्याच गल्लीत का जाईना. दुसरी खोड पहिलीच्याच पोटातली: कोणी चूक दाखवली की माझा पारा चढतो. घरचे हसून सोडून देतात.

देवाचं जेवण नैवेद्याआधी चाखायचं नसतं. सगळा कारभार अंदाजाचा. म्हणून मीठ फक्त मीच टाकायचं, असा नियम मी करून ठेवला होता. यंदा आलू-वांग्याची भाजी रटरटत होती, मी मिठाचं भांडं उचललं, तेवढ्यात मंडपवाला हाका मारत आला. त्याच्याशी भांडून परत आले तर भांडं ओट्यावर होतं आणि मीठ टाकलं की राहिलं, ते मला काही केल्या आठवेना.

विचारायला काय जात होतं? दहा जणी समोर होत्या. पण मी म्हणाले, "मीठ पडलं आहे. झाकण ठेवा."

झाकण पडलं.

नैवेद्य झाला. मी पळीभर भाजी तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकी खारट, की कडू लागत होती. बाहेर उन्हात माणसं पंगतीला बसलेली, त्यातली अर्धी सकाळपासून उपाशी.

"मीठ कोणी टाकलं?" मी ओरडले. सगळ्या आपापल्या पायांकडे पाहू लागल्या. मला रडू येत होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज आपोआप खाली आला.

"मी टाकलं," शेजारची मास्तरीण म्हणाली. "तुम्ही टाकलंच नव्हतं."

"मीही," कॉलनीत नवीन आलेली सून पुटपुटली. "मले वाटलं, कोणाचंच ध्यान नाई."

"म्या बी," समुद्रपूरकडच्या आजी म्हणाल्या. त्या शेती धाकट्यावर सोपवून दहा वर्षांपूर्वी इथे मोठ्या लेकाकडे राहायला आलेल्या.

तिघींनी पाहिलं होतं. तिघींनी एकमेकींना न सांगता, माझी पाठ फिरल्यावर झाकण उचललं होतं. आणि तिघींनीही हे मला वाचवायला केलं होतं. रागवावं तरी कोणावर?

"काकू, आलू आहेत अजून," सून म्हणाली. "बिनमिठाचे उकडून कुस्करून टाकू. भाजी या पातेल्यातून दोन गंजांत करू, पाणी वाढवू. भातातबी मीठ नाई, निभून जाईन."

मला हे सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही असं जमतं की नाही. तू सांग, आम्ही करतो." तोंडातून निघाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. मग बाहेर जाऊन पंगतीला सांगितलं, भाजी खारट झाली, चूक माझी आहे, अर्धा तास थांबा. लोक थांबले. एका म्हाताऱ्याने तर तोवर भजन धरलं.

दुपारी भांडी घासायला बसलो तरी माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. मास्तरीण भिडस्त, सून नवीन, त्यांचं समजत होतं. पण आजी कोणाला भिणाऱ्या नव्हेत. लेकालाही चारचौघांत झापतात. मी त्यांच्याजवळ सरकले.

"आजी, तुम्ही काऊन नाही सांगितलं मला?"

"सांगतलं होतं न."

"कधी? आज?"

"आज नाई. पहिल्या साली." त्या भाजीचा गंज घासतच राहिल्या. "मी चुलीपाशी होती तवा. म्हटलं, बाई, मीठ राह्यलं. खरंच राह्यलं होतं, मंग तुमीच टाकलं."

"मग मी काय म्हणाले?"

"काई नाई म्हणाल्या. दुसऱ्या साली मले वांगे चिराले बसवलं. तवापासून वांगेच चिरून राह्यली मी."

मी आठवून पाहिलं. आजी वांगी चिरताना मला नऊपैकी आठ वर्षं दिसत होत्या. त्यांना तिथे मी का बसवलं, हे मात्र काही केल्या आठवलं नाही.