एका नावाची अब्रू

मालिकांच्या त्या कचेरीत सगळे तिला आत्या म्हणत, कारण तिथल्या प्रत्येक पात्राचं नाव तीच ठेवायची. लेखक ‘शेजारीण’, ‘वकील’, ‘दुधवाला’ एवढं लिहून मोकळे व्हायचे आणि कागद दुसऱ्या मजल्यावर तिच्या टेबलावर यायचा. टेलिफोनच्या जुन्या याद्या, शाळांचे निकाल, वर्तमानपत्रं चाळून ती नाव शोधायची. मग जिन्यात उभी राहून त्या नावाने मोठ्याने हाक मारायची. खालच्या मजल्यावर नीट ऐकू आलं नाही, तर ते नाव बाद. ‘‘लोक नावं ठेवतात, मी नाव ठेवते,’’ असं ती हसून सांगायची. नट निवडतानाही तिला बोलावणं असायचंच. नाव आणि चेहरा जुळतात की नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळत नसे.

वीस वर्षांत तिची एकच चूक झाली. एका मालिकेत मुलांचा छळ करणारी मुख्याध्यापिका होती. कोणा खऱ्या व्यक्तीशी जुळू नये म्हणून आत्याने तिला सहसा न आढळणारं नाव-आडनाव दिलं. मालिका गाजली, लहान पोरंसुद्धा त्या बाईच्या नावाने बोटं मोडू लागली. चाळिसाव्या भागानंतर एक पत्र आलं. दूरच्या एका शाळेत अगदी त्याच नावाच्या मुख्याध्यापिका खरोखरच होत्या. पत्र त्यांचंच होतं, पण त्यात तक्रार नव्हती. हे नाव कुठून सुचलं, एवढंच विचारलं होतं.

निर्माते म्हणाले, योगायोग आहे, मालिकेच्या सुरुवातीला तशी पाटी आपण रोज दाखवतो. वकिलांनीही मान डोलावली. हात झटकून मोकळं होता आलं असतं. आत्याने दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळची बस पकडली.

शाळेत मुख्याध्यापिकेच्या दारावरच्या पाटीला कोणीतरी खडूने शिंगं काढली होती. ती पुसली होती, तरी दिसत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या त्या बाईंनी आत्याला बसवलं, पाणी दिलं. 

‘‘बत्तीस वर्षांत मी एकाही मुलावर हात उगारला नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता पहिलीतली मुलं मला बघून भिंतीला चिकटतात.’’

‘‘चूक माझी आहे,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी याद्या पाहिल्या होत्या. तुमची शाळा माझ्या नजरेतून सुटली.’’

बाकी सारवासारव तिने केली नाही. दिवसभर ती तिथेच राहिली. बाई मुलांशी बोलताना गुडघे दुखत असूनही खाली बसतात, हे तिने मधल्या सुट्टीत पाहिलं.

परतल्यावर तिने नाव बदलायला सांगितलं. निर्मात्यांनी साफ नकार दिला. चाळीस भागांनंतर नाव बदललं तर प्रेक्षक हसतील, हे त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. मग ती लेखकाकडे गेली.

‘‘नाव राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त ते त्या छळणाऱ्या बाईचं नाहीच, असं दाखव. तिने ते चोरलंय. खरी मुख्याध्यापिका परत येते.’’

लेखकाचं घोडं तीन आठवडे अडलेलं होतं. त्याने लगेच लिहायला घेतलं.

खऱ्या बाईच्या भूमिकेसाठी निर्मात्यांना चकचकीत चेहऱ्याची नटी हवी होती. इथे मात्र आत्या हटून बसली. आयुष्यभर नाटकांत मोलकरणी आणि सासवा केलेली एक वयस्क नटी तिने शोधली. मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन तिला चार दिवस त्या शाळेत मागच्या बाकावर बसवलं. प्रसंग साधाच होता. बाई वर्गात येतात, गुडघ्यावर हात टेकत जमिनीवर बसतात, मुलांना आपलं नाव सांगतात. 

तो भाग दाखवल्यानंतर आठवड्याभराने बाईंचं दुसरं पत्र आलं. पहिलीतल्या एका मुलीने बाईंच्या खोलीत येऊन, त्यांच्या पदराला हात लावून विचारलं होतं, ‘‘बाई, इतके दिवस तुम्ही कुठे होतात?’’

बाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, जरा लांब गेले होते, आता आले.

आत्याने ते पत्र कोणाला दाखवलं नाही. आम्हा कचेरीतल्यांना ते कळलं ती निवृत्त झाली तेव्हा, तिचा खण आवरताना.